इंधनावरचा कर भरूनही इंदुरात मोटारीला पर्याय का नाही?

प्रश्न (लोकमान्यनगरातील शिक्षिका)

आमच्या घरी दोन मोटारी आहेत. यजमान पिथमपूरला जातात आणि मी विजयनगरला शिकवायला. माझे रोजचे जाणे-येणे वीस किलोमीटरच्या घरात आहे. गर्दीत मोटार लिटरला जेमतेम साडेबारा किलोमीटर चालते, म्हणजे महिन्याकाठी चाळीस लिटर पेट्रोल केवळ माझ्या नोकरीपायी जळते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे मीच मुलांना शिकवते. स्वतःचा हिशेब मांडला तेव्हा तो महिन्याला नव्वद किलोंच्या वर गेला आणि दुसऱ्या दिवशी तोच धडा शिकवणे जड गेले.

बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली मार्गिका, चालू होती तेव्हा थांब्याचा ओटा आणि बसचा तळ एकाच पातळीत असे. गुडघेदुखी असूनही सासूबाई गीताभवनच्या थांब्यावरून काठी टेकत सरळ आत पाऊल टाकत. परवा रस्त्याच्या कडेला थांबलेल्या बसची पहिली पायरीच त्यांना चढवेना. वाहकाने हात दिला, तरी त्या मागे सरल्या आणि ‘रिक्षाच कर गं,’ म्हणाल्या. पेट्रोल महाग केल्याने माणसे मोटारी सोडतील असे म्हणतात. पण सोडून त्यांनी चढायचे कशात?

प्रतिसाद १ (करसल्लागार, तिलकनगर)

ताई, आपण भरता तो पैसा कुठे जातो ते आधी पाहू. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर केंद्राचे उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे २१ रुपये ९० पैसे झाले. त्यातले मूळ शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे आणि वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांत वाटले जाते ते तेवढेच. बाकी सारे विशेष शुल्क आणि उपकर केंद्राकडे राहतात. त्यावर मध्य प्रदेशाचा २९ टक्के व्हॅट, लिटरमागे अडीच रुपये आणि एक टक्का उपकर. पेट्रोल जीएसटीबाहेर असल्यामुळे हे दर राज्य स्वतः ठरवते. एवढ्या साखळीत ‘हा रुपया शहराच्या बससाठी’ असे बांधून दिलेले कुठेच नाही, आणि माझा खरा आक्षेप तोच आहे. कर कमी करा असे मी म्हणणार नाही, कारण स्वस्त पेट्रोलने गर्दीच वाढेल; पण ज्या करामुळे माणसाने मोटार सोडावी अशी अपेक्षा आहे, त्याच करातून त्याच्या गल्लीच्या तोंडाशी बस आली पाहिजे. एरवी तो कर मोटार सोडू न शकणाऱ्यांवरचा दंड ठरतो.

प्रतिसाद २ (एबी रोडचा रहिवासी)

मी बीआरटीएस काढण्याच्या बाजूने होतो आणि आजही ते लपवत नाही. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या साडेअकरा किलोमीटरांत मधली मार्गिका मोकळी आणि बाजूला आम्ही अडकलेले, हे वर्षानुवर्षे सोसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती हटवायला परवानगी दिली तेव्हा बरे वाटले. मात्र आपल्या सासूबाईंचा प्रसंग वाचून एक गोष्ट मान्य करतो : आम्ही मार्गिकेशी भांडलो, समपातळीच्या ओट्याशी आमचे भांडण नव्हते. तो रस्त्याच्या कडेलाही बांधता येतो आणि त्याला फार जागा लागत नाही.

प्रतिसाद ३ (अभियंता, सुदामानगर)

मोटार एकदम सोडू नका, फेऱ्या वेगळ्या करून पाहा. महिनाभर मी वहीत नोंद ठेवली, तर माझ्या निम्म्याहून अधिक फेऱ्या तीन किलोमीटरांच्या आतल्या निघाल्या : दूध, औषध, मुलीची शिकवणी. त्या सगळ्या आता विजेच्या स्कूटरवर होतात. शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट वीज लागते, आणि २०१९ पासून या वाहनांवर जीएसटी पाच टक्केच आहे. आपल्याकडची बरीच वीज कोळशाची आहे हे खरे, तरीही एवढ्या अंतराला हलकी स्कूटर मोटारीपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा खाते.

स्कूटरने रस्त्यावरची गर्दी मात्र हटत नाही. ती हटवते बसच. आणि बससाठी इंधन आपल्या घरातच तयार होते. ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या देवगुराडियाच्या प्रकल्पाचे लोकार्पण १९ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे आणि त्यातल्या बायो-सीएनजीवर शहरातल्या बस धावतात. रोज सकाळी भाजीची देठे वेगळी काढून ठेवणाऱ्या शहराला बसही वेळेवर चालवता येईल, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. यजमानांशी बोलले. पिथमपूरची मोटार राहील, माझी विकायची. जवळपासच्या कामांना स्कूटर आणि विजयनगरला बस, असे तीन महिने करून पाहते. ओट्याविषयीचा अर्ज रविवारी नगरसेवकांकडे नेणार आहे. त्यावर पहिली सही सासूबाईंनी केली आहे. एबी रोडच्या काकांनी दुसरी केली तर फार बरे होईल.