रिहर्सल डिनरला 36 माणसं की 62? आम्ही मुलाकडचे, खर्च आमचा

वरमाय_जर्सी
मुलाचं ऑक्टोबरात लग्न आहे, इथेच अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत. सून अमेरिकन, तिचे आईवडील ओहायोचे, फार साधी माणसं. लग्न शनिवारी, शुक्रवारी संध्याकाळी रिहर्सल. म्हणजे कोण कुठून चालत येणार, अंतरपाट कोण धरणार, मंगलाष्टकं चालू असताना ब्राइड्समेड्सनी म्हणजे तिच्या करवल्यांनी कुठे उभं रहायचं याची एक उजळणी करायची आणि ती झाली की सगळ्यांनी मिळून जेवायचं. इथल्या रीतीप्रमाणे हे रिहर्सल डिनर मुलाकडचे देतात. ते द्यायला आम्हाला आनंदच आहे, लग्नाचा निम्मा खर्च ते लोक करतायत.
अडचण यादीची आहे. मुलगा म्हणतो रिहर्सलमधे ज्यांचं काम आहे ते, त्यांचे जोडीदार आणि दोन्हीकडची अगदी घरची माणसं, एवढेच बोलव, ते होतात 36. पण भारतातून 14 जण येतायत, माझा भाऊ-वहिनी, दीर-जाऊ, त्यांची मुलं, सगळे स्वतःची तिकिटं काढून. आणि ओहायोहून तिचे 12 नातेवाईक. झाले 62. आम्ही 4000 डॉलर बाजूला ठेवलेत. रेस्टॉरंटने प्रायव्हेट रूमचा रेट दिलाय माणशी 70, ड्रिंक्स वेगळी. नवरा 57 वर्षांचा आहे, यंदा फेब्रुवारीत लेऑफमधे नोकरी गेली, तो म्हणतो 401केमधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, काढू थोडे, एकुलतं एक लग्न आहे. मला रात्री झोप नाही. काय करू?

हिशोबी
ताई आधी आकडे मांडू. 62 गुणिले 70 म्हणजे 4340. त्यावर 20 टक्के सर्व्हिस 868 आणि जर्सीचा सेल्स टॅक्स 6.625 टक्के म्हणजे 288. झाले जवळजवळ 5500, अजून एक बिअरची बाटली उघडली नाही. 36 माणसांचे सगळे मिळून 3190 होतात, बजेटमधे बसतात आणि 800 उरतात. माझं मत मुलाच्या बाजूने. बाकीच्यांना जेवणानंतर साडेआठला चहा आणि गोडाला बोलवा, भेटीगाठी होतील. अजून एक, काँट्रॅक्टमधे सर्व्हिस चार्ज आधीच धरलाय का बघा, नाहीतर गडबडीत लोक वर परत टिप देतात. आणि त्या रूमचा मिनिमम खर्च किती तेही विचारा, माणसं कमी आली तरी तेवढं बिल लावतात.
401केला हात लावू नका. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढले की 10 टक्के पेनल्टी आणि वर इन्कम टॅक्स.

मिरजेची_मामी
साडेआठला गोडाला या म्हणजे काय? जेवायला नाही, फक्त गोडाला? आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तो करू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. सख्खा भाऊ सोळा-सतरा तास विमानात बसून भाचरासाठी येणार, आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत पिझ्झा मागवून खाणार आणि त्याला कळणार की पलीकडच्या रेस्टॉरंटमधे आपली बहीण मुलाच्या मित्रांना जेवायला घालतेय? हे तो बोलणार नाही पण विसरणारही नाही. माझ्या नणंदेच्या घरी असंच एका जेवणावरून झालं, 11 वर्षं झाली, अजून भाऊबीजेला फोनवरच ओवाळणी.
जागा बदला, माणसं बदलू नका. ओक ट्री रोडवर एवढी आपली हॉटेलं आहेत, माणशी 70 कशाला लागतात?

हिशोबी
मामी भावना मान्य, पण हे जेवण मुळात रिहर्सल करणाऱ्यांचं आहे, पाव्हण्यांचं नाही. पाव्हण्यांसाठी शनिवार आहे. प्रत्येक जेवणाला प्रत्येक माणूस असं धरलं तर बजेट कधीच बसणार नाही.

नवीन_सून
मी हिशोबी यांच्याशी सहमत पण कारण वेगळं, पैशांचं नाही. माझं लग्न तीन वर्षांपूर्वी असंच झालं, नवरा अमेरिकन. आमच्या रिहर्सल डिनरला सासूबाईंनी मोठ्या मनाने सगळ्यांना बोलावलं आणि मी रात्री अकरापर्यंत टेबलाटेबलावर जाऊन हसत होते, सकाळी मेकअपवाली पाचला आली तेव्हा डोळे सुजलेले. मला त्या रात्री फक्त आईजवळ बसायचं होतं. लहान जेवणात मोठी माणसं दोन शब्द बोलतात, टोस्ट म्हणतात त्याला, ते 62 माणसांत होत नाही, मागच्यांना ऐकू येत नाही. ताई तुम्ही मुलाला विचारलंत, सुनेला विचारलं का? आणि तिच्या आईला?

कोथरूडचा_बाप
मी मुलीचा बाप आहे, पुण्याचा, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आपल्याकडे आदल्या रात्रीचं जेवण म्हणजे सीमांतपूजनाचं. वर गावच्या शिवेवर आला की मुलीच्या आईवडिलांनी त्याचे पाय धुवायचे, पोशाख द्यायचा आणि वऱ्हाडाला जेवू घालायचं, खर्च सगळा मुलीकडच्यांनी. मी थोरलीच्या लग्नात कार्यालयाला 150 पानं सांगितली होती, दुपारी चारला निरोप आला आमचे 40 वाढलेत. मी हात जोडून हो म्हणालो, दुसरं काय म्हणणार? केटररने वाढीव पानाचे जास्त लावले, ते दिले, पण त्या रात्री माझी बायको जेवली नाही. धाकटीच्या वेळी मी आधीच सांगितलं की आदल्या रात्रीचा खर्च निम्मा निम्मा, तर तिकडचे लोक लगेच हो म्हणाले, म्हणजे विचारायचीच भीती होती इतकी वर्षं.
म्हणून वरमायताई, मुलाकडच्यांनी आदल्या रात्री जेवू घालायचं ही तिथली रीत मला मनापासून आवडली. ती छोटी करू नका. आपल्या इथे विहिणीची पंगत असते, मुलाच्या आईला पाटावर बसवून, रांगोळी काढून वाढतात. तुम्ही तुमच्या विहिणीला तसं बसवा. पण सगळ्यांसमोर बसवा.

नवीन_सून
काका तुमचं वाचून वाईट वाटलं, पण त्यातून उलटंच निघतं असं मला वाटतं. तुम्हाला त्रास झाला तो माणसं ऐनवेळी वाढली म्हणून आणि खर्च एकाच बाजूवर म्हणून. मग आता मुलाकडच्यांनी तोच भार उचलायचा का? इथे मॅरेज लायसन्स 28 डॉलरला मिळतं, अर्जाला एक साक्षीदार आणि 72 तास थांबायचं, कायद्याला फार काही लागत नाही. बाकीचं आपण आनंदासाठी करतो, ऋण काढून सण कशाला?

कोथरूडचा_बाप
ऋण काढा असं मी कुठे म्हणालो? परवडेल ते वाढा, पण सगळ्यांना वाढा.

एडिसनवासी
दोन गोष्टी. पहिली, 401केबद्दल वर अर्धं बरोबर आहे. नोकरी सुटली त्या वर्षी वयाची 55 पूर्ण झालेली असतील तर त्याच कंपनीच्या 401केतून काढायला ती 10 टक्क्यांची पेनल्टी लागत नाही. इन्कम टॅक्स मात्र लागतोच, आणि ते पैसे आयआरएमधे, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात, हलवले की ही सवलत जाते. तरीही एका संध्याकाळसाठी मी काढले नसते, नोकरी नसताना तर नाहीच.
दुसरी, ड्रिंक्सचं. जर्सीत 3000 लोकवस्तीमागे एक दारूचं लायसन्स असा नियम आहे, त्यामुळे लायसन्स भयंकर महाग आणि कितीतरी चांगली रेस्टॉरंटं बीवायओबी आहेत, वाइन आपली आपण न्यायची. 50 माणसांचं बारचं बिल आणि दुकानातून आणलेल्या दोन खोके वाइनचं बिल यात खूप फरक पडतो. किंवा सरळ घरी करा आणि हॉटेलातून तयार जेवणाचे मोठे ट्रे मागवा.

मिरजेची_मामी
ट्रे मागवा, हेच मी म्हणणार होते! घरात जेवण असलं की कोणाला बोलवायचं हा प्रश्नच रहात नाही.

नवीन_सून
आणि आदल्या दिवशी घर आवरणार कोण, भांडी कोण उचलणार? सकाळी हळद असेल त्याच घरात. वरमाय स्वयंपाकघरात आणि बाकी सगळे अंगणात असं होतं दरवेळी. घरी करायचं असेल तर वाढायला आणि आवरायला दोन माणसं पैसे देऊन ठेवा, ते बजेटमधे पहिल्या ओळीत लिहा.

वरमाय_जर्सी
सगळं दोनदा वाचलं. नवीन_सून, तुझं वाचून काल विहिणीला फोन केला, खरं तर आठवड्यापूर्वीच करायला हवा होता. त्या म्हणाल्या आमचे ते 12 जण शुक्रवारी काम संपवून गाडीने निघणार, रात्री उशिरा पोचतील, त्यांना धरूच नका. म्हणजे मी ज्यांच्यासाठी जागत होते ते येणारच नव्हते. झाले 50. मग त्या हळूच म्हणाल्या, दारूवर खर्च करू नका, आमच्याकडे फारसं कोणी घेत नाही, आम्हाला वाटलं तुम्हाला हवी असेल.
रेस्टॉरंट रद्द. घरी अंगणात करतोय. मुलगा अजून थोडा नाराज आहे, त्याचं म्हणणं 50 पण जास्तच, म्हणून त्याच्याशी एवढं ठरलंय की साडेनऊला संपवायचं आणि सुनेला कोणीही फोटोसाठी उठवायचं नाही, ती आईजवळ बसणार. वाढायला-आवरायला दोन माणसं, 400 डॉलर, पहिल्या ओळीत लिहिलेत. टेबलखुर्च्या भाड्याने. 401के तसाच ठेवतोय, यांना सांगितलं, जरा गप्प झाले पण ऐकलं. विहिणीसाठी भावाला चौरंग आणि चांदीचं ताट आणायला सांगितलंय, सामानात वजनात बसलं तर.
आता ट्रेचं कोणीतरी सांगा. 50 माणसांना, त्यातली निम्मी तिखट न खाणारी, मसालेभाताचे फुल ट्रे किती लागतात? आणि श्रीखंड विकतचं चालेल का?

मिरजेची_मामी
तुझा भाऊ येतोय ना, वहिनीला सांग गुरुवारी रात्री चक्का टांगायला. ती करेल. तिला काहीतरी करायला दे.