वडिलांनी घडवलेल्या बोन्सायच्या कुंड्या कशा जतन कराव्यात?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर):
नमस्कार. माझ्या वडिलांनी तीसेक वर्षे बोन्सायच्या कुंड्या स्वतःच्या हाताने घडवल्या आणि त्यांतल्या ६३ आज घरात आहेत. बहुतेक कुंड्यांना ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नाही. सुरुवातीच्या कुंड्या बापट कॅम्पमधील एका कुंभाराच्या भट्टीत भाजल्या होत्या, तर नंतरच्या एका स्नेह्यांच्या विजेच्या भट्टीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खालच्या फळ्यांवरील १९ कुंड्या काही दिवस पाण्याखाली होत्या. आम्ही त्या धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा वापरात घेतल्या आणि झाडांना बोअरचेच पाणी घालत राहिलो. वडील गेल्या वर्षी गेले. आता रिकाम्या केलेल्या कुंड्यांवर पांढरी भुकटी येते आणि पुसली तरी काही आठवड्यांत पुन्हा उमटते. एका लहान लंबगोल कुंडीच्या पायाशी नखाएवढा पापुद्रा सुटला आहे. वडिलांनी शिक्का कधी वापरला नाही. ते तळाच्या भोकाशेजारी ओल्या मातीत अंगठा दाबत असत, आणि तो पापुद्रा त्या ठशापासून बोटभर अंतरावर आहे. एका दुकानदाराने सर्व कुंड्यांना व्हार्निश लावण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

पहिले उत्तर:
व्हार्निश कृपया लावू नका. ती भुकटी म्हणजे बोअरच्या पाण्यातून, खतांतून आणि कदाचित पुराच्या पाण्यातूनही मातीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले क्षार आहेत. कुंडी वाळताना ते पृष्ठभागाकडे येऊन त्यांचे स्फटिक बनतात, पावसाळी दमट हवेत विरघळतात आणि कोरड्या हवेत पुन्हा घट्ट होतात. हेच वारंवार घडल्याने पापुद्रे सुटतात. वर व्हार्निश असेल तर स्फटिक त्याच्या आत वाढतील आणि पृष्ठभागासकट ते उचलून काढतील.

आधी प्रत्येक कुंडीच्या तळावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. तो लगेच शोषला गेला तर कुंडी कमी तापमानाला भाजलेली आहे आणि तिला धोका अधिक आहे. जपानमधील तोकोनामे येथील कुंड्या उच्च तापमानाला भाजलेल्या व घट्ट अंगाच्या असल्याने त्यांत क्षार फारसे खोल जात नाहीत. तुमच्या विजेच्या भट्टीतल्या कुंड्या कदाचित तशाच निघतील. शोषणाऱ्या परंतु धडधाकट कुंड्या प्लास्टिकच्या टबात शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. कोल्हापुरात पावसाचे पाणी मुबलक मिळते, मात्र पहिल्या सरींचे घेऊ नका. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रासाठी वापरतात तो, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर टबात बुडवून रोजचा आकडा लिहून ठेवा. नव्या पाण्याचा आकडा दिवसभरात वाढेनासा झाला की क्षार निघाले असे समजावे. त्यानंतर कुंड्या सावलीत, सावकाश वाळवाव्यात. पापुद्रा सुटलेली कुंडी मात्र पाण्यात घालू नका, कारण पापुद्र्याबरोबर ठसाही जाऊ शकतो. ती मलमलीवर ठेवून मृत्पात्रांचे काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाला दाखवा.

दुसरे उत्तर:
मी बोन्साय करतो, म्हणून एवढेच जोडतो. काठावरचा चुन्याचा कडक थर पाण्याने निघत नाही, आणि बरेच जण त्यावर व्हिनेगर लावतात. कमी भाजलेल्या कुंडीवर ते टाळा, कारण मातीत चुन्याचे कण असल्यास आम्ल तेही खाते. थर ओला करून बांबूच्या काडीने हळूहळू खरवडावा. क्रमांक कुंडीवर रंगवू नये. तळाच्या भोकातून सुती फीत ओवून तिला चिठ्ठी बांधावी. वहीत मापे, भट्टी आणि ठशाचे तिरप्या उजेडात घेतलेले छायाचित्र असावे, कारण समोरून घेतलेल्या छायाचित्रात अंगठ्याच्या रेषा दिसत नाहीत. उच्च तापमानाच्या काही कुंड्यांत झाडे राहू द्यावीत, असेही मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ती:
आपण दोघांचे मनःपूर्वक आभार. थेंब टाकून पाहिला: ६३ पैकी २२ कुंड्यांनी तो लगेच शोषला आणि त्या सर्व जुन्या भट्टीतल्या निघाल्या. लंबगोल कुंडी वेगळी ठेवली आहे. मांडणीच्या खालच्या दोन फळ्या आम्ही कायमच्या काढून टाकल्या आहेत. वडिलांचे वडाचे झाड मात्र त्यांनी विजेच्या भट्टीत भाजलेल्या त्याच कुंडीत राहील.