मदत हवी आहे: रात्री दोन वाजता सेंट्रल लाइन घालताना सरांना ‘थांबा’ कसं म्हणायचं?

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. गेल्या महिन्यात दोन पेशंटना सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मान, छाती किंवा मांडीतून मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, रक्तात इन्फेक्शन झालं. एकाला तर वॉर्डात हलवायचं ठरलं होतं, त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला.

काय करायचं ते पाठ आहे. हात धुणं; टोपी, मास्क, गाऊन, ग्लोव्हज आणि पेशंटवर मोठा ड्रेप (निर्जंतुक चादर); त्वचेला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक; मांडीतली लाइन शक्यतो टाळणं; गरज संपली की काढणं. अमेरिकेत मिशिगनच्या शंभरावर आयसीयूंनी याच पाच गोष्टी धरून ठेवल्या आणि तीन महिन्यांत निदान निम्म्या ठिकाणी हे इन्फेक्शन शून्यावर आलं. २००६ साली ते छापूनही आलं.

आमचं घोडं अडतं रात्री. बीपी पडलेलं, नातेवाईक दाराशी, सर धावत येतात आणि भोकाचा छोटा टॉवेल टाकून मांडीतूनच लाइन घालतात. औषध लावलं की लगेच सुई. मी म्हटलं, "सर, वाळू द्या जरा," तर "सिस्टर, पेशंट जाईल!" त्यांचंही खोटं नसतं म्हणा. पण चौथ्या दिवशीही तीच लाइन असते. मिशिगनमध्ये पायरी चुकली तर नर्स काम थांबवू शकत होती. इथे मी कुणाच्या जोरावर थांबवू?

शिवाय आमच्या नर्स मुली हबवर (लाइनचं बाहेरचं तोंड, जिथे इंजेक्शन-सलाइन जोडतात) स्पिरिटचा कापूस नुसता टेकवतात. त्यावर काही उपाय?

प्रतिसाद: सिस्टर, मीही आयसीयूतच डॉक्टर आहे. थांबवायची ती मुभा तिथेही इमर्जन्सी सोडूनच होती. तेव्हा रात्री भांडू नका, सकाळी राउंडला भांडा. घाईत घातलेल्या लाइनवर लाल पट्टी लावून वेळ लिहा, आणि ती ४८ तासांच्या आत बदलायचीच असं मोठ्या सरांकडून लेखी घ्या. सगळं सामान एकाच ट्रॉलीत ठेवा. हब घासताना पंधरापर्यंत मोठ्याने मोजायला लावा, आठवडाभर हसतील, मग सवय होईल. आणि मोठा ड्रेप रात्री असतो कुठे, ते आधी बघा.

धागाकर्ती: आत्ताच बघून आले. स्टोअरच्या कपाटात. किल्ली स्टोअरवाल्या दादांच्या घरी. आणि मी इतके दिवस सरांवर चिडत होते!