एक्सपल्स काढून हिमालयन घ्यावी का? (गाडी साताऱ्यालाच राहणार)

मंडळी, नमस्कार.

साताऱ्याच्या घरी माझी हिरोची एक्सपल्स २०० मोटरसायकल आहे, चार व्हॉल्व्हवाली. सुट्टीला गेलो की यवतेश्वर, ठोसेघर, बामणोली सगळं तिच्यावरच. एरवी भाचा चालवतो. गाडीबद्दल तक्रार नाही. पण हिला मागे बसवून, बॅगा बांधून पुण्याहून येताना खंबाटकीत ट्रकमागे अडकलो की गिअर पाडूनही पुढे निघवत नाही. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० मनात आहे. एक मित्र म्हणतो थेट होंडाची मोठी ट्रान्साल्पच घे. आपल्यापैकी कोणी अशी उडी मारलीय का?

— शाहूपुरीकर


शाहूपुरीकर,

मी मारलीय, पण इकडे इंग्लंडात. होंडाचीच हलकी सीआरएफ ३०० दिली आणि ट्रान्साल्प घेतली. मोटरवेवर दिवसभर बसलं तरी अंग आंबत नाही, वारा छातीवर येत नाही. मात्र १४२ किलोवरून २०८ किलोवर गेलो, ते गल्लीत गाडी वळवताना रोज आठवतं. इकडे ए-टू, म्हणजे मधल्या पायरीच्या लायसन्सला ३५ किलोवॅटची (साधारण ४७ हॉर्सपॉवर) मर्यादा असते, त्यामुळे लोक पायरी पायरीने वर जातात आणि मोठी गाडी म्हणजे बढती वाटायला लागते. तुला तिकडे एकाच लायसन्सवर सगळं चालतं. तेव्हा बढतीचा मोह बाजूला ठेव आणि रस्ता बघून ठरव.

— कराडचा, सध्या लीड्स


अरे बाबा शाहूपुरीकरा,

मी परदेशातून परत येऊन साताऱ्यात राहतोय, माझ्याकडे ४५० आहे आणि शेजारच्या पोराची एक्सपल्सही अधूनमधून हाताखाली येते, म्हणून सविस्तर लिहितो.

सीटच्या उंचीने घाबरू नकोस. दोन्हींची ८२५ मिलिमीटरच आहे, ४५० ची हवी तर वीसने वाढते. फरक वजनाचा. तुझी गाडी साधारण १५८ किलो, ही १९६. त्यात सतरा लिटरची टाकी भरलेली, म्हणजे वजन वरच्या अंगाला. चालत्या गाडीला ते कळतही नाही. कळतं कुठे, तर चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या मुरमाच्या रस्त्यावर, धुक्यात, चाक जांभ्याच्या शेवाळलेल्या कातळावरून सरकलं की. गाडी आडवी झाली की आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून गिअरमध्ये टाकायची, मग हँडल पूर्ण वळवून, पाठ सीटला टेकवून, पायांच्या जोराने मागे रेटत उचलायची. कमरेने उचलायला गेलास तर सुट्टी अंथरुणात जाईल. एक्सपल्स मी एकटा सहज उभी करतो. ४५० उभी करतो, पण मग दगडावर बसून पाणी पितो. ट्रान्साल्प तिथे एकट्याने उचलायचा विचारही माझ्या वयात नको.

आता दुसरी बाजू. १९ आणि ४० हॉर्सपॉवर यांत काय फरक असतो ते गळीत हंगामात कोरेगावच्या रस्त्याला ये म्हणजे कळेल. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, समोरून एसटी. जेवढी फट मिळते तेवढ्यात ४५० निघून जाते, एक्सपल्स विचार करत राहते. हायवेला तर प्रश्नच नाही. खंबाटकीचं तुझं दुखणं ही गाडी नक्की घालवेल.

पण दहा-अकरा महिने गाडी कोणाच्या हातात असणार? भाचा अंगाने केवढा आहे, आणि तो तिच्यावर जातो कुठे? मळ्यातल्या पाणंदीने वैरण आणायला जात असेल तर ४५० म्हणजे मांजराच्या पाठीवर म्हशीचं ओझं. पुढे रेडिएटर आहे, पडली की आधी तो बघावा लागतो. तुझ्या गाडीला ती भानगडच नाही. उभी राहणार असेल तर आणखी वेगळं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, ते ओल धरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन् महिने झाकून ठेवू नये. आणि भाच्याला सांग, नुसतं बटण दाबून दोन मिनिटांत बंद केली की बॅटरी उलट उतरते. इंजिन चांगलं गरम होईपर्यंत फिरवून आणायला हवी.

ट्यूबची गोष्ट. पुढचं चाक दोन्हींना एकवीस इंचाचं. मेढ्याच्या पलीकडे पंक्चरवाला पॅच मारून देईल, पण एकवीसची नवी ट्यूब मिळेलच असं नाही. स्वतःची एक जवळ ठेव. अडलं तर ती मागच्या चाकातही दुमडून भरता येते, घरापर्यंत पोचवते. ४५० ला आता स्पोक असूनही ट्यूबलेस चाकं मिळतात, घेतलीस तर तीच घे.

पैशाचं म्हणशील तर २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी, खाली १८. सरकारच्या मते तुझी उडी चैनीची आहे.

कोणतीही घेतलीस तरी कासच्या पठारावर चाक घालू नकोस. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि तरीही दर मोसमात फुलांवरून टायरच्या खुणा दिसतात. चीड येते.

— परळीकर काका


मागे बसणाऱ्यांना कोणी विचारलंय का? एक्सपल्सच्या मागच्या सीटवर पुणे-सातारा म्हणजे शिक्षा आहे, हे मी अनुभवाने सांगते. पण मोठ्या गाडीला दोन्हीकडे पेट्या लावल्या की पाय टाकून वर चढणं अवघड होतं, साडीत तर विसराच. बुकिंगच्या आधी वहिनींना पेट्यांसकट गाडीवर बसवून बघा. तुम्ही एकटे टेस्ट राइड मारून याल आणि खूश व्हाल.

— वाईची, बर्मिंगहॅम


काका, वाईच्या ताई, सगळ्यांचे आभार.

भाच्याला फोन केला. तो पाणंदीनेच जातो, शिवाय अंगाने माझ्या निम्मा आहे. एक्सपल्स विकायचा बेत रद्द, ती त्याच्याकडेच राहील. ट्रान्साल्पही रद्द. ४५० घ्यायची की आमच्या दोघांच्या खेपेपुरती पुण्यातून भाड्याने उचलायची, एवढंच आता ठरवायचंय. हिचं मत भाड्याकडे झुकतंय. काका, जानेवारीत येतोय, टाकी भरून तुमची गाडी एकदा चाळकेवाडीला द्याल का? पडली तर उचलायला भाचा बरोबर असेलच.

— शाहूपुरीकर