मुलीला फिलाडेल्फियात प्रायमरीत मत देता येत नाही. ‘पक्षात नाव नोंदव’ असं तिला सांगू का?

बाळीवेसच्या बाई

नमस्कार. मी सोलापुरात पालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. नोकरीभर लोकसभा, विधानसभा, पालिका अशा सगळ्या निवडणुकांची ड्युटी केली, शेवटी शेवटी केंद्राध्यक्ष म्हणून. मतदानाच्या बाबतीत मी हळवी आहे, म्हणून प्रश्न जरा सविस्तर लिहिते.

माझी लेक लग्नानंतर फिलाडेल्फियाला गेली, आता तिथली नागरिक आहे. तिथे मतदार यादीत नाव घालतानाच पक्ष विचारतात. तिने ‘कुठलाच नाही’ अशी खूण केली. नवीन देश, अजून माणसं ओळखायची होती, उगाच कुणाच्या तरी नावाखाली का जायचं, असा तिचा विचार. मलाही तो पटला होता.

2023 च्या मे महिन्यात तिथे महापौरपदाची प्रायमरी होती, म्हणजे खऱ्या निवडणुकीआधी प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान. सकाळी सातला केंद्र उघडल्या उघडल्या ती गेली. यादीत नाव होतं, सहीही झाली. पण समोर जे आलं त्यात उमेदवाराचं एकही नाव नव्हतं! शहराच्या कारभाराबद्दलचे काही प्रश्न होते, त्यांच्यावर हो किंवा नाही करायचं आणि घरी यायचं. उमेदवार निवडायचा हक्क फक्त पक्षात नाव असलेल्यांना.

आता कुणी म्हणेल, नोव्हेंबरात खरी निवडणूक होतेच की, तेव्हा दे मत. पण त्या शहरात 1952 पासून डेमोक्रॅटिक पक्षाचाच महापौर होत आलाय. म्हणजे जे काय ठरायचं ते मे महिन्यातच ठरतं. त्या प्रायमरीत शेरेल पार्कर साधारण एक तृतीयांश मतांवर पुढे आल्या आणि पुढे महापौर झाल्या. त्या चांगल्या की वाईट, हा माझा विषय नाही. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियात पक्षात नाव नसलेले दहा लाखांहून जास्त मतदार आहेत. केंद्रं, यंत्रं, कर्मचाऱ्यांचा भत्ता, सगळा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे यांच्याही करातून. आणि हेच दाराबाहेर.

मला हे का लागलं ते सांगते. एकदा अशोक चौकाकडच्या केंद्रावर एक विडी कामगार आजी आल्या. त्यांच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलं होतं. आजींच्या बोटाला शाईचा ठिपका नव्हता. पोलिंग एजंट म्हणायला लागले, बाई, राहू द्या, मागे रांग आहे. मी पुस्तिका काढली, ओळख पटवली, 17-ब या नमुन्यावर त्यांचा अंगठा घेतला आणि प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे नावावर आधीच मत पडलेल्यांसाठीची कागदी मतपत्रिका, हातात दिली. आतल्या बाजूला जाऊन त्यांनी शिक्का मारला, मी ती पाकिटात बंद केली. असं मत एरवी मोजणीत धरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरीही यादीत नाव असलेला माणूस केंद्रावरून तसाच परत जाता कामा नये, यासाठी आपल्याकडे नियम आहे आणि तो मी पाळला.

जावईबापू म्हणतात, एका पक्षावर खूण कर आणि मोकळी हो. लेक तयार नाही. तिथे प्रायमरी सगळ्यांना खुली करा म्हणून मोहीम चालू आहे, ती सुटीच्या दिवशी लोकांना भेटून आपापल्या आमदाराला पत्र लिहायला सांगते. तात्पुरतं पक्षात नाव घातलं तर तिची बाजू लंगडी पडेल का? आणि अशा मोहिमा कुठे यशस्वी झाल्यात का? माहीतगारांनी सांगावं.

विजापूर रोड ते डेन्व्हर

बाई, नमस्कार. मी कोलोराडोत राहतो, मूळचा विजापूर रोडचा.

तुमच्या लेकीला जे हवंय ते आमच्याकडे झालंय. 2016 च्या नोव्हेंबरात इथे लोकांनीच मतदान करून कायदा केला, की कुठल्याच पक्षात नसलेल्यांनाही प्रायमरीत मत देता येईल. इथे मतपत्रिका टपालाने घरी येते. माझ्यासारख्या बिनपक्षाच्या माणसाला एकाच पाकिटात डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांच्या येतात. त्यातली एकच भरून परत पाठवायची. दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद. पहिल्या वेळी मी आणि बायकोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही पसरल्या आणि शेवटपर्यंत वाचल्या. एरवी ज्या पक्षाकडे मी बघतही नाही, त्याचे उमेदवार कोण आहेत हे मला त्या संध्याकाळी कळलं.

पण पेनसिल्व्हेनियात अडचण वेगळी आहे. तिथे नागरिकांना सह्या गोळा करून थेट कायदा मतदानाला टाकता येत नाही. जे करायचं ते विधिमंडळानेच. आणि तिथे बसलेले सगळे याच बंद प्रायमरीतून निवडून आलेले. म्हणून आमदारांना पत्रं लिहून घेणं हाच रस्ता आहे, तुमची लेक वेळ वाया घालवत नाहीये. न्यू मेक्सिकोत असंच विधिमंडळातून झालं. तिथल्या गव्हर्नरांनी 2025 मध्ये कायद्यावर सही केली.

अपयशही सांगतो, कारण तिला ते माहीत असलेलं बरं. फ्लोरिडात 2020 मध्ये 57 टक्के लोकांनी खुल्या प्रायमरीला हो म्हटलं, पण राज्यघटना बदलायला 60 लागतात. गेलं! 2024 च्या नोव्हेंबरात ॲरिझोना, आयडाहो, मोंटाना, नेवाडा, साउथ डकोटा, सगळीकडे प्रस्ताव पडले. आमच्या कोलोराडोतही पडला. यातले बरेच प्रस्ताव नुसतं दार उघडा एवढंच म्हणत नव्हते. सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत आणा, पुढे पसंतीक्रमाने मत द्या, असं बरंच काही एकत्र बांधलेलं होतं. लोक बिचकले, असं माझं मत. मागणी साधी ठेवा, असं तिला माझ्याकडून सांगा.

पक्षात नाव घालायचं तर प्रायमरीच्या 15 दिवस आधीपर्यंत पेनसिल्व्हेनियात बदलता येतं, नंतर परत काढताही येतं. न्यूयॉर्कपेक्षा हे कितीतरी बरं. तिथे 2016 च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपली होती. खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांच्या मुलाला आणि मुलीला, एरिक आणि इव्हांका यांना, वडिलांना मत देता आलं नाही.

पूर्व भाग

बाई, राग मानू नका, पण मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे. मी एका पक्षाचा कार्यकर्ता आहे, लहानपणापासून. घरात यंत्रमाग होता, आता मी टॉवेलच्या कारखान्यात आहे.

पक्षाचा उमेदवार पक्षाच्या माणसाने निवडायचा, यात चुकलं काय? पावसात मंडप कोण बांधतो? सतरंज्या कोण उचलतो? सभेला माणसं कोण आणतो? आणि वर्षभर घरी बसलेला माणूस एका सकाळी येऊन सांगणार, आमचा उमेदवार हा नको, तो घ्या! उद्या विरोधी पक्षाची माणसं ठरवून येतील आणि आमच्यातला सगळ्यात पडेल उमेदवार निवडून देतील. मग?

मला तर तुमच्या लेकीचा हेवा वाटतो. तिथे पक्षात नाव घातलं की मत मिळतं. इथे माझं सगळं आयुष्य पक्षात गेलं, प्रभागातला उमेदवार कोण हे मला कुणी आजवर विचारलं नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला खिडकी बंद होते आणि दोन वाजेपर्यंत पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म कुणाच्या खिशात आहे ते कळत नाही. या वेळी आमच्या प्रभागात चार जागा. चारपैकी एक तिकीट आदल्या आठवड्यात पक्षात आलेल्या माणसाला गेलं. आमचा जुना माणूस, पाण्यासाठी रात्री दोनला व्हॉल्व्हवाल्याच्या घरी जाणारा, अर्ज हातात धरून उभा राहिला. त्याची बायको मला म्हणाली, ‘अण्णा, यांना घरी तुम्हीच घेऊन चला.’ आधी आम्हाला मत द्या, मग बाहेरच्यांचं बघू.

वकिली शिकतोय

दोघांच्याही मुद्द्यांवर अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय बोललेलं आहे. 1986 च्या कनेक्टिकटच्या खटल्यात पक्षालाच बिनपक्षाचे मतदार हवे होते आणि राज्याचा कायदा आड येत होता. न्यायालय म्हणालं, पक्षाला बोलवायचं असेल तर राज्याने अडवू नये. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये उलटं केलं, सगळ्यांना सगळ्या पक्षांच्या प्रायमरीत मत देऊ दिलं. 2000 साली न्यायालयाने त्यात पक्षांची बाजू घेतली. पूर्व भागवाले काका जे म्हणतायत तेच, पक्ष ही माणसांनी मिळून केलेली संस्था आहे, तिचा उमेदवार परक्याने ठरवू नये. मग कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये वेगळी वाट काढली: प्रायमरी पक्षाची ठेवायचीच नाही, सगळे उमेदवार एका यादीत, पहिले दोन नोव्हेंबरात. त्यात 2012 मध्ये एका मतदारसंघात डेमोक्रॅटांची मतं विभागली आणि शेवटच्या लढतीत दोन्ही रिपब्लिकन उरले. म्हणजे खुल्या पद्धतीतही मतदार कात्रीत सापडू शकतो.

आपल्याकडे पक्षांची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-अ खाली होते, पण उमेदवार कसा निवडावा यावर कायदा गप्प आहे. पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने आणा, असं विधी आयोगाने 1999 च्या 170व्या अहवालात सुचवलं होतं. काँग्रेसने 2014 च्या लोकसभेला मोजक्या मतदारसंघांत आतलं मतदान घेऊन उमेदवार ठरवले, आपल्या शेजारचं लातूर त्यात होतं. तिथेही मत पदाधिकारी आणि प्रतिनिधींनाच होतं. पुढे ते बारगळलं.

बाळीवेसच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीशी बोलले. तिने 15 दिवसांची मुदत तपासली, पुढच्या प्रायमरीआधी ती नाव घालणार आणि झाल्यावर काढणार. मोहीम सोडणार नाही. उलट म्हणाली, की ज्या दाराबद्दल भांडतेय त्याच्या आत काय चालतं ते बघून येते.

पूर्व भागवाले भाऊ, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. राग कसला? पण एका जागी मी अडते. मंडप तुम्ही बांधता, तो पक्षाचा. प्रायमरीचं केंद्र मात्र सरकारी असतं, तिथला कर्मचारी माझ्यासारखाच पगारी, यादी सगळ्या मतदारांची. पक्षाला आपल्या घरात, आपल्या खर्चाने उमेदवार निवडायचा तर खुशाल निवडावा, मी उंबऱ्यावरही येणार नाही. लोकांच्या पैशाने मतदान घ्यायचं तर लोकांना आत घ्या.

आणि तुमच्या त्या जुन्या माणसाला, आणि तुम्हालाही, तिकिटाच्या वेळी मत असायलाच हवं होतं. ते तुम्ही पक्षाकडे लेखी मागितलंय का? मागणार असाल तर मसुदा लिहायला मी येते. वकिली शिकणाऱ्या मुलानेही यावं, त्या 170व्या अहवालातला नेमका भाग घेऊन. रविवारी हुतात्मा बागेत सकाळी भेटता येईल.

डेन्व्हरकर, तुमच्याकडे 2016 आधी लोकांना समजावताना कुठला मुद्दा सगळ्यात जास्त पटायचा, ते जमलं तर लिहा. लेक वाट बघतेय.