क्यूबेसिक: ऑक्टोबरपर्यंत चालणारा प्रोग्राम नोव्हेंबरला का थांबतो?

प्रश्न

नमस्कार. घरच्या वीजबिलांतील मासिक युनिटांची नोंद ठेवण्यासाठी मी डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर) क्यूबेसिक ही मायक्रोसॉफ्टची जुनी बेसिक भाषा चालवून एक लहानसा प्रोग्राम लिहिला आहे. महिन्याचा क्रमांक विचारायचा, त्या महिन्याचे युनिट विचारायचे आणि ते यू(एम) मध्ये, म्हणजे यू या अ‍ॅरेच्या (एकाच नावाच्या क्रमांकित कप्प्यांच्या रांगेच्या) एम क्रमांकाच्या कप्प्यात ठेवायचे, एवढेच त्याचे काम आहे. जानेवारी ते ऑक्टोबरच्या नोंदी बिनतक्रार होतात. मात्र ११ हा महिना दिला की ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’ (अनुक्रमांक मर्यादेबाहेर) असा संदेश येऊन प्रोग्राम त्याच ओळीवर थांबतो. अ‍ॅरे मी कुठेही घोषित केलेला नाही. घोषणा नसणे हीच चूक असेल, तर पहिले दहा महिने तरी कसे चालतात? (कोड इथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहीत आहे.)

पहिले उत्तर

घोषित न केलेला अ‍ॅरे क्यूबेसिक स्वतःच तयार करतो आणि त्याची वरची मर्यादा १० धरतो, त्यामुळे आपल्याला ० ते १० असे ११ कप्पे आपोआप मिळाले आणि नोव्हेंबरला जागा उरली नाही. ही सवलत बेसिकच्या जन्मापासूनची आहे. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी ही भाषा तयार केली, तेव्हाही १० च्या पुढचा अनुक्रमांक हवा असेल तरच डिम (अ‍ॅरे घोषित करण्याची आज्ञा) लिहावे लागे. प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘डिम यू(१२)’ ही एक ओळ घाला.

माझे मत विचाराल तर ही सवलत नवशिक्याला जितकी सोयीची, तितकीच घातक आहे. अ‍ॅरेच्या नावात एखादे अक्षर चुकले, तरी क्यूबेसिक तक्रार न करता त्या नावाचा शून्यांनी भरलेला नवा अ‍ॅरे उभा करतो. फंक्शनलाही (दिलेल्या किमतीवरून उत्तर काढून देणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्यालाही) कंसच लागत असल्यामुळे, नाव चुकलेले फंक्शनसुद्धा अ‍ॅरे समजले जाते आणि उत्तर मुकाट शून्य येते. म्हणून अ‍ॅरे लहान असला तरी तो घोषित करावाच.

प्रश्नकर्ता

आभारी आहे, आता डिसेंबरपर्यंत नोंद होते. परंतु एक नवाच घोळ झाला आहे. वर्षाची बेरीज १५६० युनिट येते आणि ती बरोबर आहे, पण सरासरी १३० ऐवजी १२० दाखवली जाते. लूप मी एलबाउंडपासून (अ‍ॅरेचा पहिला अनुक्रमांक) यूबाउंडपर्यंत (शेवटचा अनुक्रमांक) फिरवतो आणि प्रत्येक फेरीला मोजणीत एक मिळवतो.

दुसरे उत्तर

आपली मोजणी १३ होते आहे. डिमच्या कंसातील आकडा ही कप्प्यांची संख्या नसून शेवटचा अनुक्रमांक असतो, हे ध्यानात घेतले की उलगडा होतो. ‘डिम यू(१२)’ मध्ये ० ते १२ असे १३ कप्पे येतात. शून्याच्या कप्प्यात आपण काही ठेवलेच नाही, त्यामुळे बेरीज बिघडत नाही, पण भागाकार १३ ने होतो.

जुन्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये यावर ‘ऑप्शन बेस १’ (अनुक्रमांक ० ऐवजी १ पासून सुरू करणारी आज्ञा) हा उपाय होता आणि तो अ‍ॅरे वापरण्यापूर्वीच लिहावा लागे. क्यूबेसिकमध्येही तो चालतो, पण त्याहून स्वच्छ मार्ग म्हणजे ‘डिम यू(१ टू १२)’, कारण दोन्ही मर्यादा त्याच ओळीत वाचायला मिळतात. पुढे कधी व्हीबी डॉट नेट या बेसिकच्या नंतरच्या अवताराकडे वळलात, तर तिथे खालची मर्यादा शून्यच असते, हे लक्षात असू द्या.

प्रश्नकर्ता

१३० आले. आता २०२१ पासूनची सर्व वर्षे एकाच अ‍ॅरेत ठेवायची आहेत आणि दरवर्षी त्यात भर पडेल. त्यासाठी वर्ष आधी लिहावे की महिना?

दुसरे उत्तर

महिना आधी, वर्ष नंतर. क्यूबेसिक मूळ रचनेत पहिला अनुक्रमांक सर्वांत भरभर बदलत कप्पे स्मृतीत मांडतो, त्यामुळे एका वर्षाचे बारा महिने सलग बसतात आणि नवे वर्ष शेवटी जोडले जाते. व्हिज्युअल बेसिक ६ मधील ‘रीडिम प्रिझर्व्ह’ला (रीडिम म्हणजे अ‍ॅरेचा आकार नंतर बदलणारी आज्ञा) आधीची माहिती राखून केवळ शेवटच्या मितीचीच, म्हणजे कंसातील शेवटच्या अनुक्रमांकाचीच, वरची मर्यादा बदलता येते, त्यामागेही हीच मांडणी आहे.

क्यूबेसिकमध्ये मात्र प्रिझर्व्ह नाही. नुसत्या रीडिमने अ‍ॅरेतील सर्व आकडे पुसले जातात. म्हणून आजच ऐसपैस जागा मागून घ्या: ‘डिम यू(१ टू १२, २०२१ टू २०३०)’. सिंगल प्रिसिजनचा (क्यूबेसिक आपोआप धरतो त्या दशांशी संख्येच्या प्रकाराचा) एक कप्पा ४ बाइटांचा असतो, तेव्हा १२० कप्प्यांना ४८० बाइट पुरतात. यानंतर यू(११, २०२३) असे लिहिले की २०२३ च्या नोव्हेंबरचा आकडा थेट मिळेल. वर्षातून २०२० वजा करत बसावे लागणार नाही.