आहे त्या पोस्टग्रेसवर स्पार्कल लावायचं की डेटा उचलून ट्रिपल स्टोअरमध्ये ओतायचा?

पंपवाला:
एका पंप बनवणाऱ्या कंपनीचा पार्ट कॅटलॉग सांभाळतोय, सगळा माल पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, आणि आता वरून फर्मान आलंय की डीलर लोकांच्या सिस्टिमला हा डेटा आरडीएफमध्ये, म्हणजे वस्तू-गुणधर्म-मूल्य अशा तिकड्यांच्या (ट्रिपलच्या) रूपात, दिसला पाहिजे. टीममधले निम्मे म्हणतात ट्रिपल स्टोअरमध्ये, म्हणजे अशा तिकड्या साठवणाऱ्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, ओता. माझं मत, अजिबात ओतू नका. आरटूआरएमएल हे मॅपिंगचं स्टँडर्ड डब्ल्यूथ्रीसीने २०१२ लाच दिलंय, कुठल्या टेबलची ओळ म्हणजे कुठली वस्तू आणि कुठला कॉलम म्हणजे तिचा कुठला गुणधर्म एवढं लिहून द्यायचं, मग ऑनटॉपसारखं टूल स्पार्कल (आरडीएफला प्रश्न विचारायची भाषा) घेतं, त्याची एसक्यूएल (पोस्टग्रेसची भाषा) करतं आणि डेटा जागचा हलत नाही. कॉपी केली की रोज रात्री सिंक आणि रोज सकाळी भांडण. दुपारी किंमत बदलली आणि डीलरला कालची दिसली तर शिव्या मलाच.

त्रिकूट:
किमतीपुरतं पटलं. पण "हे बेअरिंग कुठल्या कुठल्या पंपात जातं" हे कसं विचारणार? बेअरिंग सब-असेंब्लीत, ती दुसऱ्या असेंब्लीत, ती पंपात, मध्ये पायऱ्या किती ते आधी माहीत नसतं. स्पार्कलमध्ये प्रॉपर्टी पाथला (गुणधर्मांच्या साखळीला) अधिकचं चिन्ह लावलं की काम झालं, आणि ऑनटॉपला नेमकं तेच जमत नाही. त्याचा पाया ओडब्ल्यूएल टू क्यूएल ही नियम लिहायची भाषा, त्यात ट्रान्झिटिव्ह प्रॉपर्टी (अ ब मध्ये, ब क मध्ये, म्हणून अ क मध्ये) मुद्दामच ठेवलेली नाही, कारण प्रत्येक प्रश्न साध्या एसक्यूएलमध्ये उतरला पाहिजे ही अटच आहे. कॅटलॉगवाल्यांचे निम्मे प्रश्न असेच असतात. गपचूप जेनाचं टीडीबी हे ट्रिपल स्टोअर लावा.

पंपवाला:
अहो पण विथ रिकर्सिव्ह (कितीही पायऱ्या चढत जाणारी एसक्यूएल) पोस्टग्रेसला येतं की. भाग आणि त्याचे सगळे वरचे, अशा जोड्यांचा मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचं उत्तर साठवून ठेवलेलं टेबल) करायचा आणि मॅपिंग त्यावर.

त्रिकूट:
म्हणजे कॉपीच ना ती 😀 रिफ्रेश कधी करणार, रात्रीच ना?

पंपवाला:
हो, कॉपीच. पण असेंब्ली बदलते महिन्यातून एखाद्या वेळी आणि किंमत दिवसातून दोनदा. जे हलत नाही त्याची कॉपी करायला माझी ना नाही. शिवाय ट्रिपल स्टोअर म्हणजे सगळे प्रश्न सुटले असंही नाही. विकिडेटाची क्वेरी सर्व्हिस बघा, ब्लेझग्राफ या ट्रिपल स्टोअरवर उभी केली, ते बनवणारे लोक ॲमेझॉनकडे गेले, सॉफ्टवेअर तिथेच थांबलं, क्वेरी ६० सेकंदांत आटपली नाही तर टाइमआउट, आणि शेवटी २०२५ मध्ये शोधनिबंधांचा डेटा वेगळा काढून ग्राफचे दोन तुकडे करावे लागले.

त्रिकूट:
विकिडेटाशी काय तुलना करताय राव, तिथे अब्जावधी ट्रिपल आहेत. तुमचा अख्खा कॅटलॉग माझ्या लॅपटॉपवर मावेल.

गोल_आणि_बाण:
तुम्ही दोघंही उगाच भांडताय. "या असेंब्लीत हे बेअरिंग दोन नग" यातला दोन हा आकडा नात्याचा आहे, वस्तूचा नाही. निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये वस्तू म्हणजे गोल, नातं म्हणजे बाण, आणि तो आकडा सरळ बाणावर लिहिता येतो. आरडीएफमध्ये त्यासाठी मध्ये एक जास्तीचा नोड घुसवा, मग प्रत्येक क्वेरीत त्याला ओलांडत बसा. जीक्यूएल ही अशा ग्राफची क्वेरी भाषा २०२४ मध्ये आयएसओचं स्टँडर्ड झालीय, त्यामुळे एकाच कंपनीची भाषा म्हणून नाक मुरडायचं कारणही उरलं नाही. आरडीएफ पाहिजेच असेल तर निओसिमँटिक्स प्लगिन आहे, आत घ्या, बाहेर काढा.

त्रिकूट:
त्या प्लगिनने मी पोळलोय. आमच्याकडे प्रत्येक भागाला मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीन लेबलं होती, इंपोर्ट झाल्यावर प्रत्येकाला एकच उरलं, आणि कुठलं उरेल ते नशीब. डिफॉल्टला एका गुणधर्माला एकच मूल्य, नंतरचं आधीच्यावर लिहिलं जातं, भाषेचा टॅगही गळतो. सेटिंग बदलून सुटतं, मान्य, पण ते कळेपर्यंत दोन आठवडे डेमो चुकीच्या नावांनी चालू होता.

गोल_आणि_बाण:
डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे ते.

त्रिकूट:
लग्नपत्रिकेत तळटीप टाकल्यासारखं.

की_लावा_आधी:
मी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा), स्पार्कल फारसं लिहीत नाही, पण पंपवाले, एक विचारतो. तुमच्या टेबलांना प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम) आहेत का? हसू नका, मी अशी बरीच बघितली आहेत जिथे नाहीत. स्पार्कलमध्ये एका भागाचं नाव, वजन, किंमत मागितली की त्या तीन ओळी होतात आणि एसक्यूएलमध्ये तेच टेबल स्वतःशी तीनदा जोडलं जातं. की असेल तर टूलला कळतं की ही एकच ओळ आहे आणि ते जादाचे जॉइन उडवतं. नसेल तर उडवणार कसं? वर आरडीएफमध्ये तीच गोष्ट दोनदा असू शकत नाही, म्हणून डिस्टिंक्ट (दुहेरी ओळी गाळणं) पण लागतो. लोक मग म्हणतात व्हर्च्युअल स्लो आहे. आणि व्ह्यूला तर की नसतेच, तुमच्या त्या जोड्यांच्या व्ह्यूलासुद्धा.

पंपवाला:
टेबलांना आहेत. व्ह्यूचं लक्षातच नव्हतं आलं.

की_लावा_आधी:
ऑनटॉपला ते वेगळं सांगता येतं, तिथे त्याला लेन्स म्हणतात. आणि पार्ट नंबर एका टेबलात टेक्स्ट, दुसऱ्यात इंटिजर असं नाही ना? कास्ट (प्रकार बदलणं) घुसला की इंडेक्स वापरता येत नाही.

पंपवाला:
...आहे. जुन्या सिस्टिममधून आलेलं एक टेबल इंटिजर आहे, पुढचे शून्य पण त्यातच गेले.

गोल_आणि_बाण:
म्हणजे ००४५१२ आणि ४५१२ हे आता दोन वेगळे भाग. निओफोरजेचा दोष नाही हां हा.

पंपवाला:
नाही बाबा, कुणाचाच नाही. उद्या आधी तो कॉलम नीट करतो, मग बोलू कुठे ओतायचं ते.